पोह्यांवर कोथिंबीर नाही! मे महिन्यात गच्चीवर काय पिकतं, आणि त्याचं करता काय?

गच्चीवरची (इंदूर) – 9 मे, सकाळी 8:10

नमस्कार मंडळी. तक्रार आहे आणि प्रश्नही.

रविवारी पोहे केले. बडीशेप घातली, वाफ आणली, शेव काढली, जीरावण मसाला भुरभुरला आणि कोथिंबीर आणायला गच्चीवर गेले. कुंडीत चार काड्या, त्यांना पांढरी फुलं. पानं शेपूसारखी झिरमिळी झालेली आणि चव पार उतरलेली. याच कुंडीने हिवाळ्यात तीन महिने आम्हाला पोसलं हो! खाली भाजीवाल्याकडे गेले, तर एरवी ‘ऊपर से’ मिळणारं धनिया-मिर्ची तो आता मोजून विकतो आणि विकताना मान वर करत नाही.

आमची गच्ची राजेंद्रनगरात, तिसरा मजला, दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट अंगावर. 22 कुंड्या, 6 ग्रो बॅगा. टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात. पालक करपला. मेथी उगवलीच नाही. मिरची रुसून बसली आहे. एकटी भेंडी मजेत.

तर प्रश्न असा: मे-जूनमध्ये घरी कोथिंबीर येते का? येत असेल तर कशी? आणि ज्यांच्याकडे बाकी काही पिकतंय त्यांनी त्याचं काय शिजवता तेही लिहा. रोज भेंडी खाऊन घरात असंतोष आहे.

भिया_इंदौरी (इंदूर) – 9 मे, 8:32

कोथिंबिरीविना पोहे केले आणि वर जाहीर लिहून राहिले? भिया, थोडे दिवस महूला जाऊन राहा. प्रकरण शांत झालं की कळवतो.

मातीत_हात (इंदूर) – 9 मे, 11:47

ताई, कोथिंबिरीचा दोष नाही. ती थंडीची बाई आहे. दिवस मोठा झाला आणि ऊन तापलं की तिला वाटतं आपला काळ संपत आला, आता बी धरून मोकळं व्हावं. मग पानं बारीक होतात, मधून दांडा उठतो आणि फुलं येतात. खत घाला, पाणी घाला, ती मागे फिरत नाही. उगवायलाही तिला माती साधारण 20 अंशांच्या आसपास लागते. तिशीच्या वर गेली की धणे मातीत नुसते बसून राहतात, नाहीतर कुजतात.

टोमॅटोचं दुखणं वेगळं. दिवसा 35 च्या वर आणि रात्री पारा 22-24 च्या खाली उतरेना, की परागकण निकामी होतात. फूल दिसतं छान, पण फळ धरत नाही आणि देठापाशी गळून पडतं. माळव्याच्या रात्री गार म्हणून आपलं एप्रिलपर्यंत निभतं, मे मध्ये नाही. तेव्हा टोमॅटोला खत ओतणं थांबवा. शेंडे छाटा, सावलीत सरकवा, पावसानंतर तेच झाड परत धरेल.

आणि एक. काळ्या ग्रो बॅगा पश्चिमेच्या भिंतीला लावल्या असतील तर मुळं अक्षरशः शिजतात. कुंड्या एकमेकींना चिकटवून घोळक्याने ठेवा, कडेच्या कुंड्यांना ओलं गोणपाट गुंडाळा, वर 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी. पाणी पहाटे. दुपारी नळीतून पहिलं जे पाणी येतं ते चहाचं असतं, ते आधी बादलीत काढा.

शंकेखोर (ग्वाल्हेर) – 9 मे, 12:20

“मे मध्ये टोमॅटो धरत नाही” हे सरसकट विधान आहे. माझ्याकडे चेरी टोमॅटो आत्ता, या क्षणी, झाडावर आहेत. फोटो टाकू?

मातीत_हात – 9 मे, 12:41

टाका की. बारीक फळाच्या जाती उन्हाला जास्त दाद देत नाहीत, हे खरं. पण ही फळं कधी धरली ते सांगा. मार्चमध्ये धरलेलं फळ मे मध्ये दिसतंच.

शंकेखोर – 9 मे, 12:44

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

शंकेखोर – 9 मे, 12:45

बरं, मार्चच्या शेवटी.

लष्करची_सून (ग्वाल्हेर) – 9 मे, 15:05

इंदूरवाल्यांनी उन्हाचं रडगाणं गाऊ नये. तुमच्याकडे संध्याकाळी वारं सुटतं आणि तुम्ही सराफ्यात गुलाबजाम खायला निघता. आमच्याकडे रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. लू चालली की कढीलिंबसुद्धा माना टाकतो. आणि नळाला पाणी एक दिवसाआड.

तरी सांगते, माझ्याकडे आत्ता गवार आहे, चवळी आहे, लाल माठ आहे आणि पुदिना आहे. पुदिना मोरीच्या बाहेर, जिथे भांड्यांचं निवळ पाणी जातं तिथे, उत्तरेच्या सावलीत. तो मी लावलेला नाही. चटणी करताना देठ फेकले, ते लागले. गवारीला तर मी विसरले तरी चालतं, तिला विसरलेलंच आवडतं. कोवळी शेंग तोडायची, ओवा आणि दाण्याचं कूट घालून परतायची, वर गूळ. जून झाली की कितीही शिजवा, दातात दोरे.

माठ आठ-दहा इंचांचा झाला की शेंडा खुडायचा, मुळासकट उपटायचा नाही. परत फुटतो. पंधरा दिवसांत दुसरी भाजी.

पुणेरी_पाहुणा (सध्या इंदूर) – 9 मे, 16:30

याच माठावरून माझी फजिती झाली होती. बदली होऊन आलो, पहिल्याच आठवड्यात बायकोने सांगितलं, चवळीचा पाला आण. मी मंडईत जाऊन ‘चवली’ म्हटलं. त्याने चौलाई दिली, म्हणजे आपला माठ. बायको म्हणाली हा माठ आहे. मी परत गेलो आणि म्हटलं, भैया ये तो माठ है. तो म्हणाला, माठ कुम्हार के यहाँ मिलेगा.

भिया_इंदौरी – 9 मे, 16:34

😂 दोन वेळा गेले, भाजी एकच आली.

बडोद्याचा_बाळू (बडोदे) – 9 मे, 18:12

नावांचा घोळ आमच्याकडेही आहे. आईचं घोसाळं, बाजारातलं गलका, आणि इंदूरच्या मावशीकडे गेलं की गिलकी. दोडका म्हणजे इथे तुरिया, तुमच्याकडे तुरई. मायाळूला इथे पोई म्हणतात. पण उन्हाळ्यात या सगळ्या वेलवर्गीय मंडळींसारखं सुख नाही.

वेलाला फुलं येतात, फळ धरत नाही, असं कोणाचं होत असेल तर घड्याळ बघा. दुधीचं फूल पांढरं, ते संध्याकाळी उमलतं. दोडक्याचंही संध्याकाळी, पाचनंतर. घोसाळं, कारलं, काकडी यांची पिवळी फुलं सकाळी. तिसऱ्या मजल्यावर मधमाशा येतीलच असं नाही, आणि दुधीकडे संध्याकाळी मधमाशी फिरकत नाही, तिथे पतंगांचं राज्य. म्हणून मी संध्याकाळी सात वाजता नर फूल तोडतो, पाकळ्या मागे सारतो आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवतो. मादी फूल ओळखायचं सोपं आहे, मागे इवलासा दुधी असतो. शेजारच्या बेन विचारतात, रोज दिवेलागणीला तुम्ही वेलाशी काय बोलता?

गिलकीची भजी मात्र इंदूरचीच. मावशीच्या हातची. पातळ चकत्या, बेसनात ओवा आणि थोडं तांदळाचं पीठ. आतून मऊ साय झालेली असते.

दांडियाबाजार (बडोदे) – 9 मे, 19:40

बाळू, दोडक्याच्या शिरा टाकून देतोस की काय? त्यांची चटणी कर. शिरा बारीक कापून लोखंडी तव्यावर थेंबभर तेलात कुरकुरीत होईस्तोवर परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, सुकी मिरची, मीठ. कुटायची, मिक्सरमध्ये पीठ करायचं नाही. आठ दिवस टिकते, आणि घरचा कोवळा दोडका असेल तर शिरांना धागा नसतो.

पोईची भजी करताना पान अख्खं ठेवायचं. बेसन जरा दाट. पान तेलात सोडण्याआधी वर धणे-मिरे भरडून पेरायचे. हे सुरतेकडचं, माझ्या नणंदेने शिकवलं. मायाळूची डाळ करून करून कंटाळलेल्यांसाठी.

गच्चीवरची – 9 मे, 21:15

अरे वा! एका दिवसात एवढं. दोडका आमच्याकडे आहे पण एकही धरला नव्हता. आत्ता बॅटरी घेऊन गच्चीवर जाऊन आले. फुलं खरंच उमललेली आहेत! दोन महिने मी सकाळी सात वाजता मिटलेल्या फुलांकडे बघून हळहळत होते.

रामबागी (इंदूर) – 10 मे, 7:25

धाग्यात सगळे आले, पण माती कुणी काढली नाही. आणि इंदूरच्या माणसाने खतावर बोलू नये म्हणजे कमाल आहे.

आपल्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर, 1924 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल तिथे होते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर लावून, ठरलेल्या दिवसांनी ढीग उलथवून, तीन महिन्यांत खत करायची पद्धत त्यांनी तिथे बसवली. जगभर तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. 1931 साली त्यावर पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला नाव आहे यशवंत वाड यांचं. आपल्या मराठी माणसाचं. आज गल्लीत ओला-सुका वेगळा करणारी पिढी हे नाव जाणत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता गच्चीपुरतं. मोठं मडकं किंवा भोकं पाडलेली बादली. तीन भाग सुका पाला, एक भाग ओला कचरा. शेण मिळालं तर उत्तम, नाहीतर आंबट ताक. उन्हाळ्यात सगळ्यांचं खत फसतं ते एकाच कारणाने, ढीग सुकतो. वास येत नाही म्हणून लोक खूश असतात, पण आत काहीच घडत नसतं. मुठीत दाबलं तर पिळलेल्या फडक्यासारखं ओलं लागलं पाहिजे, थेंब पडता कामा नये. वर ओलं पोतं आणि दर पंधरवड्याला उलथापालथ. हवा खेळली नाही तर ते खत नव्हे, आंबोण.

शंकेखोर – 10 मे, 9:02

गच्चीवर थेट खत आणि काळी माती भरू नका, एवढं जोडतो. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, कुंडीत तिची वीट होते. आणि वजन! घनमीटरभर ओली माती दीड टनाच्या वर जाते. तिसऱ्या मजल्यावर वाफे बांधायच्या आधी स्लॅबचा विचार करा. अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी माती आणि खत. कुंड्या थेट लादीवर नको, खाली विटा.

(रामबागी काका, वाड यांची माहिती मला नव्हती. धन्यवाद.)

कढीलिंब (इंदूर) – 10 मे, 13:18

मी आच्छादनासाठी चरखीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली. फुकट. दोन पोती. कुंड्यांवर मस्त जाड थर दिला. दुसऱ्या दिवशी राजवाड्यापासून इथपर्यंतच्या सगळ्या मुंग्या आमच्या गच्चीवर जेवायला.

मातीत_हात – 10 मे, 13:40

आधी दोनदा धुवायची आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवायची. मग चिपाडांसारखं आच्छादन नाही. आता मुंग्या जाईस्तोवर मिलीबग (पिठ्या ढेकूण) बघत राहा. मुंग्या त्यांना पाळतात, त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी. निंबोळी तेल मारायचं तर ऊन उतरल्यावर, दुपारी मारलंत तर पान जळेल.

लष्करची_सून – 10 मे, 14:22

पाण्याबद्दल एक शिकलेला धडा. कूलर दर चार दिवसांनी धुतो, ते पाणी वाया कशाला म्हणून मी कुंड्यांना घालायचे. पानांच्या कडा जळायला लागल्या, मातीवर पांढरी पापडी. मग डोक्यात प्रकाश पडला. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणजे मी झाडांना खारवण पाजत होते. आरओचं फेकलेलं पाणीही तसंच. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार नसतात. पण एसी दिवाणखान्यात आणि झाडं गच्चीवर, बादल्या वाहून माझा खांदा गेला.

गृहकृत्यदक्ष (इंदूर) – 10 मे, 17:55

अंड्यांची टरफलं खत म्हणून चांगली असं कळलं. घरात अंडं चालत नाही. मैत्रिणीकडून टरफलं आणून, धुऊन, कुटून डब्यात ठेवली. सासूबाईंनी विचारलं काय आहे. म्हटलं, रांगोळी. पाडव्याला त्यांनी ती दारात काढली.

भिया_इंदौरी – 10 मे, 17:58

🙏🙏 धागा इथेच बंद करा. याच्या पुढे काही होणे नाही.

बडोद्याचा_बाळू – 12 मे, 8:46

बंद करू नका, एक गंभीर गोष्ट लिहायची राहिली. घरचा दुधी पिकवणाऱ्या सगळ्यांनी वाचा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आठवडाभर गावाला गेलो. वेल उन्हात सुकला, आल्यावर पाणी दिलं, पुन्हा तरतरीत झाला. त्यावरचा दुधी काढून भाजी केली. कडू लागली. बाबा म्हणाले, घरचा आहे, टाकायचा नाही, आणि त्यांनी हट्टाने वाटीभर खाल्ली. तासाभरात उलट्या, मग जुलाब, मग रक्तदाब उतरला. दोन दिवस दवाखान्यात काढले.

दुधी, काकडी, दोडका या सगळ्या कुळात क्युकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. एरवी नगण्य, पण उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडला की वाढू शकतं. शिजवून ते जात नाही, मीठ-गूळ घालून तर नाहीच. उतारा असं औषधही नाही, जे होईल त्याचा उपचार करतात. दुधीचा रस पिणारे तर यात दगावले आहेत, म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने कडू रस पिऊ नये असं बजावलं होतं.

नियम एकच: चिरण्याआधी कच्च्या दुधीचा नखाएवढा तुकडा जिभेला लावायचा. कडू लागला तर थुंकायचा, चूळ भरायची आणि सगळा दुधी खतात.

दांडियाबाजार – 12 मे, 9:30

अगदी बरोबर. आमच्या आईचा शिरस्ता होता, काकडी आणि दुधी चाखल्याशिवाय विळीवर जायचे नाहीत. आम्हाला वाटायचं लाड करते, पहिला तुकडा मुलांना देते. प्रत्यक्षात त्याआधी ती स्वतः चाखून बघायची.

पुणेरी_पाहुणा – 12 मे, 10:11

पण कारलं?

बडोद्याचा_बाळू – 12 मे, 10:13

कारल्याने कडू असायचंच असतं हो. गोड लागलं तर मात्र काळजी करा.

तणकट (इंदूर) – 14 मे, 20:20

तुम्ही सगळे कुंडीत काय लावायचं ते बोलताय. माझ्याकडे कुंडीत जे आपोआप आलंय त्याचं कौतुक ऐका.

घोळ. भर उन्हात, रिकाम्या कुंडीत, लादीच्या फटीत. लाल देठ, जाडसर रसरशीत पानं. आजी वेचून आणायची आणि आम्ही नाक मुरडायचो. आता तीच घोळ आहारतज्ज्ञ ओमेगा-3 साठी सांगतात. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपून, पालकासारखंच हिच्यातही ऑक्झलेट भरपूर.

आजीची ताकातली घोळ: भाजी तीन पाण्यांतून धुवायची, नाहीतर दातांत रेती. बारीक चिरून भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे घालून शिजवायची. आंबट ताकात ज्वारीचं पीठ कालवून ओतायचं आणि ढवळत राहायचं. वरून लसणाची चुरचुरीत फोडणी, तीत मेथीदाणे आणि सुकी मिरची. घोळ मुळात आंबूस असते, मीठ बेताने. भाकरी, कच्चा कांदा. 42 अंशांत याहून दुसरं काही घशाखाली उतरत नाही.

खबरदारी: घोळीसारखंच जमिनीलगत पसरणारं एक तण असतं, त्याचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. ते खायचं नाही. घोळीला चीक नसतो.

गच्चीवरची – 14 मे, 20:52

हे मी दर आठवड्याला उपटून फेकते!!

तणकट – 14 मे, 20:55

कळलं. तुमच्या घरात भेंडीवरून असंतोष का आहे ते.

पानाचा_विडा (बडोदे) – 16 मे, 11:03

सुगंधी पानांचं कुणी बोललं नाही. पानांचा ओवा कांडी खोचली की लागतो, फक्त दुपारची सावली द्या आणि पाणी कमी. भजी सगळेच करतात. मी दोन पानं तुपावर परतून, जिरं आणि ओल्या खोबऱ्याबरोबर वाटून ताकात घालते. भाताशी गार गार. सब्जा उन्हातही टिकतो, त्याची पानं काकडीच्या कोशिंबिरीत घालून बघा. गवती चहा तर मारूनही मरत नाही.

शंकेखोर – 16 मे, 12:15

सगळं छान. पण मूळ प्रश्न कोथिंबिरीचा होता. त्याला कुणी उत्तर दिलंय का? ‘थंडीची बाई’ एवढ्यावरच गाडी थांबली आहे.

मातीत_हात – 16 मे, 12:50

ईशान्येकडे एक लांब दातेरी पानांची कोथिंबीर असते, वास आपल्या कोथिंबिरीसारखाच, किंबहुना जास्त उग्र. सावलीत वाढते आणि उन्हाळ्यात टिकते. रोप मिळालं तर ठेवा. पोह्यांवर मात्र ती चिरून घातली तर भिया_इंदौरी वॉरंट काढतील.

दुसरा उपाय, कोथिंबीर मोठी होऊच द्यायची नाही. दाट पेरायची, बोटभर झाली की कापायची. मुंबईच्या समुद्रमेथीसारखं.

बाड्यावरची_आजी (ग्वाल्हेर) – 17 मे, 16:40

मी इथे वाचते, लिहीत नाही. नातू टाइप करून देतो आहे.

आमच्या वाड्यात उन्हाळ्यात कोथिंबीर माठाखाली असायची. पाण्याचा माठ तिवईवर, खाली परातीत वाळू-माती. माठ पाझरतो, त्याचं थेंब थेंब पाणी परातीत पडतं. ती जागा घरातली सगळ्यांत गार. उजेड पूर्वेच्या खिडकीतून, ऊन फक्त सकाळचं.

धणे वाण्याकडचे चालतात पण यंदाचे हवेत, जुने उगवत नाहीत. एक धणा म्हणजे दोन बिया, तेव्हा पाट्यावर हलक्या हाताने रगडून दोन फाका करायच्या. पीठ करायचं नाही. रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून पुरचुंडी माठाच्या पोटाला टेकवून ठेवायची. फडकं सुकू द्यायचं नाही. मोड दिसला की मगच पेरायचं, वर अर्धा बोट माती. नवा माठ पाहिजे, जुन्याची छिद्रं बुजलेली असतात, तो पाझरत नाही.

भरपूर येत नाही. पोह्यांपुरती येते.

पुणेरी_पाहुणा – 17 मे, 16:58

म्हणजे माठाखाली माठही येईल?

बाड्यावरची_आजी – 17 मे, 17:20

माठ उन्हातच येतो. माठाखाली लावू नये. (नातू हसतो आहे, मला कळलं नाही का.)

शंकेखोर – 19 मे, 14:35

मी मोजून बघितलं. दुपारी दोन वाजता गच्चीतल्या कुंडीची माती 44. नव्या माठाखालच्या परातीतली 27. थर्मामीटर स्वयंपाकघरातला आहे, एखादा अंश इकडेतिकडे, पण सतराचा फरक इकडेतिकडे नव्हे. आजी, नमस्कार.

बडोद्याचा_बाळू – 19 मे, 19:10

आमच्याकडे एवढा फरक पडला नाही, जेमतेम आठ-नऊ. बडोद्यात हवा दमट जास्त, पाणी उडायला मागत नाही. कोरड्या लूचा हा एकच फायदा म्हणायचा.

लष्करची_सून – 19 मे, 19:15

घ्या, शेवटी ग्वाल्हेरचं ऊन कामाला आलं.

गच्चीवरची – 20 मे, 9:00

कुंभाराकडून माठ आणला. परात सासूबाईंची पितळी होती, त्यांनी डोळे वटारले, म्हणून प्लास्टिकचा ट्रे. खाली भोकं, त्याखाली ताट. पुरचुंडी बांधली आहे. दोडक्याला तीन फळं धरली!

गच्चीवरची – 27 मे, 7:40

मोड आले. पेरले. साठेक धण्यांच्या फाका होत्या, मोड निम्म्यांना.

भिया_इंदौरी – 27 मे, 7:43

बारसं कधी?

रामबागी – 28 मे, 6:50

माठाचं पाणी प्यायच्या वापरातलं असेल तर ट्रे रोज बघत जा, ताटात पाणी साठलं तर डास होतील. पाणी साठू देऊ नका.

गच्चीवरची – 22 जून, 9:35

मंडळी, हिशेब देते. उगवली 19, मांजरीने झोपून मोडली 5, देठापाशी कुजली 3, बहुतेक माझ्याच हाताने जास्त पाणी झालं. उरली 11. बोटापेक्षा जरा उंच, पानं रुंद, खरी.

आज पोहे केले. चिरायला लागले तर वास स्वयंपाकघराबाहेर गेला, मुलगा खोलीतून म्हणाला, आज काय आहे? चार ताटल्यांना चिमूट चिमूट पुरली. नवरा म्हणाला, एवढीच? त्याला ही सगळी चर्चा वाचायला दिली आहे, अजून मान वर केलेली नाही.

काल संध्याकाळी पहिला पाऊस झाला. घोळ आता फेकत नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी दोनदा झाली. भेंडी कोणी विचारत नाही, तिला बी धरू दिलं आहे.

बाड्यावरची_आजी – 22 जून, 17:05

कापलीस की मुळासकट उपटलीस?

गच्चीवरची – 22 जून, 17:30

...उपटली.

बाड्यावरची_आजी – 22 जून, 17:48

मग परत धणे रगड.